जुना प्रोसेसर भंगारात घालण्याआधी

"हा पीसी आता जुना झाला. ठेवू की काढू?" माझ्या दुकानात हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. सांगलीत गेली वीसेक वर्षं मी संगणक जोडून देतो आणि दुरुस्त करतो. हळदीचे व्यापारी, बेदाण्याचे अडते, पतसंस्था, लग्नपत्रिकांचे छापखाने, ई-सेवा केंद्रं, शाळा, फोटो स्टुडिओ ही माझी गिऱ्हाइकं. विचारणाऱ्याला उत्तर वर्षांत हवं असतं. पाच वर्षं झाली, बदला. आठ झाली, विका. मी मात्र वर्षं मोजत नाही. इतक्या पेट्या उघडल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: आजकाल बहुतेक प्रोसेसर वेग कमी पडतो म्हणून बाद होत नाहीत. त्यांच्यावर चालणारं सॉफ्टवेअर त्यांना सोडून देतं, म्हणून ते बाद होतात. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि ते न कळल्यामुळे लोकांचे कष्टाचे पैसे जातात.

पूर्वी असं नव्हतं. १९९३ साली पहिला पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. २००० साली एक गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला गेला आणि २००४ च्या अखेरीला पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर जाऊन पोचला. अकरा वर्षांत प्रोसेसरच्या ठोक्यांचा (क्लॉकचा) वेग जवळजवळ साठपट झाला. त्या काळात तीन वर्षांपूर्वीचं यंत्र खरोखरच म्हातारं असायचं. नवा गेम चालायचा नाही, नवी विंडोज उचलायची नाही, कोरल ड्रॉमध्ये चित्र हलवलं की ते तुकड्यातुकड्यांनी सरकायचं. जुनं काढा, नवं घ्या, हा सल्ला तेव्हा बरोबरच होता.

मग ती धाव थांबली. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची घोषणा केली होती, पण २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तो बेत सोडून दिला. कारण उष्णता. ट्रान्झिस्टर लहान करता येत होते, पण त्याच प्रमाणात त्यांचा व्होल्टेज खाली आणणं जमेना आणि बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली. त्या ३.८ गिगाहर्ट्झच्या चिपची उष्णतेची मर्यादा ११५ वॅट होती. उन्हाळ्यात सांगलीतल्या पत्र्याच्या छताखाली ती यंत्रं उघडली की आतून भट्टीसारखी झळ यायची. पुढे २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याच्या ठोक्यांचा वेग कमी होता, पण प्रत्येक ठोक्यात काम जास्त व्हायचं. २००७ च्या सुरुवातीला चार कोअरचा क्यू६६०० आला. आणि मग पुढची दहा वर्षं सर्वसामान्यांच्या डेस्कटॉपमध्ये इंटेलनं चाराच्या वर कोअर दिलेच नाहीत. समोर एएमडी तेव्हा दुबळी होती. इंटेलच्या कोअर आय मालिकेची २०११ ची दुसरी पिढी आणि २०१७ ची सातवी पिढी यांच्यात फरक आहे, पण तो दर पिढीला फार तर दहा टक्क्यांच्या आसपासचा. मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला तेव्हा कुठे स्पर्धा पेटली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलची आठवी पिढी सहा कोअर घेऊन आली.

म्हणूनच २०१२-१४ चा आय५ आज माझ्या टेबलावर येतो तेव्हा मी त्याच्याकडे मोडीत काढायचा माल म्हणून बघत नाही.

गणपती पेठेतल्या एका अडत्यांचं उदाहरण सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्याकडे आय५-३४७० चं यंत्र होतं: तिसरी पिढी, चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ. टॅलीवर हिशेब चालायचा. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी आला आणि निम्मं काम ब्राउझरमध्ये गेलं. विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचं पान, शिवाय मुलानं उघडून ठेवलेलं व्हॉट्सॲप. यंत्र सकाळी सुरू करून चहा प्यायला जायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. अण्णा म्हणाले, "बाबा, प्रोसेसर दमला बघ याचा. नवा कितीला बसेल?"

मी टास्क मॅनेजर उघडून त्यांना दाखवला. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर बसून होता आणि हार्डडिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यात मुंडी योग्य जागी सरकायचा वेळ धरला, तर कुठलीही एक बारीकशी नोंद शोधायला सुमारे १२ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर पावणेचार कोटींहून जास्त ठोके देतो. ते सगळे ठोके वाट बघण्यात जात होते. एसएसडीला तेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात जमतं. एक साधी साटा एसएसडी घातली, ४ जीबी रॅमची ८ केली, पंख्यावरची धूळ काढून थर्मल पेस्ट बदलली. नव्या यंत्राच्या किमतीच्या मानानं हा खर्च अगदी किरकोळ होता. अण्णांचा सकाळचा तो चहा बंद झाला नाही, पण आता ते तो यंत्रासमोर बसून पितात.

हे असं काम हाताखालून गेलं की मनाला खरोखर बरं वाटतं. जे यंत्र मंद आहे असं वाटत होतं, ते मंद नव्हतंच. त्याला कोणीतरी अडवून धरलं होतं.

प्रोसेसर किती टिकतो हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, मारुती चौक, बाजारपेठेचा मोठा भाग पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर लोक गाळानं भरलेल्या पेट्या हातगाडीवरून घेऊन यायला लागले. काहींच्या आत अक्षरशः चिखलाची वडी बसली होती. दुकानं गेलेली, माल गेलेला, आणि त्या पेटीत वर्षानुवर्षांची येणी-देणी. ती माणसं दुरुस्तीचं किती होईल हे विचारत नव्हती. "यातलं काही मिळेल का हो?" एवढंच विचारत होती.

आम्ही एक क्रम ठरवून घेतला. पहिल्यांदा बोर्डावरचा बटणासारखा सीमॉस सेल काढायचा. वीज पुरवणारा एसएमपीएस सरळ बाजूला टाकायचा, त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. हार्डडिस्कला वीज द्यायचीच नाही. तिच्या कवचाला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत गेलेलं असू शकतं. माहिती महत्त्वाची असेल तर ती तशीच डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवायची. मदरबोर्ड आधी स्वच्छ पाण्यानं, मग मऊ ब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून धुवायचा आणि पंख्याखाली दिवसच्या दिवस सुकू द्यायचा. प्रोसेसर काढून पुसायचा. त्याच्या खालचे संपर्कबिंदू सोन्याचा मुलामा दिलेले असतात आणि वरून धातूचं झाकण. गाळाखालून काढलेले प्रोसेसर पुसून दुसऱ्या चांगल्या बोर्डावर बसवले की बहुतेक सगळे चालू झाले. बोर्ड मात्र खूप गेले. ज्यांनी पाणी शिरायच्या आधी प्लग काढून ठेवला होता त्यांचे बोर्ड जास्त वाचले. यंत्र बंद असलं तरी प्लग लावलेला असेल तर बोर्डावर पाच व्होल्टची वीज राहते, आणि पाण्यात त्या विजेनं तांब्याच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. नदीकाठच्या गावांना मी अजूनही दर पावसाळ्यात सांगतो: निघताना बटण नुसतं बंद करू नका, प्लग काढा.

पूर सोडला तरी अनुभव हाच आहे. पेटीतल्या सगळ्या भागांत प्रोसेसर सर्वांत शेवटी मरतो. त्याच्याआधी एसएमपीएस जातो, पंखा जातो, बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात. कधी तर वीस-तीस रुपयांच्या सेलमुळे चांगलं यंत्र भंगारात जायची वेळ येते. एका ई-सेवा केंद्राच्या ताईंचा फोन आला, "दादा, इंटरनेट आहे, पण एकही सरकारी साइट उघडत नाही. हा पीसी जुना म्हणून बंद केला का त्यांनी?" जाऊन बघतो तर सीमॉस सेल संपलेला. रात्री वीज गेली की यंत्राची तारीख काही वर्षं मागे जायची आणि प्रत्येक साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचं वाटायचं. सेल बदलला, तारीख लावली, काम सुरू झालं. त्या ताईंच्या केंद्राबाहेर दाखल्यांसाठी माणसं ताटकळत उभी होती.

आता नव्या-जुन्याच्या तुलनेबद्दल. इथे लोकांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला आले होते. तिला बीसीएला प्रवेश मिळाला होता. हातात एका जाहिरातीचं कात्रण: नवा कोरा लॅपटॉप, किंमत त्यांच्या आवाक्यातली. आतला प्रोसेसर सेलेरॉन एन४०२०, दोन कोअर, ४ जीबी रॅम बोर्डावर चिकटवलेली म्हणजे वाढवता न येणारी, आणि साठवणुकीला ६४ जीबी. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. पहिल्या मोठ्या अपडेटलाच त्या लॅपटॉपमध्ये जागा उरणार नव्हती. मी त्यांना त्याच पैशांत, थोडे वर घालून, मोठ्या कंपनीतून भाडेकरार संपून बाहेर आलेला एक लॅपटॉप दाखवला. आय५-८२५०यू, चार कोअर, आठ थ्रेड, ८ जीबी रॅम, एसएसडी. २०१७ चा प्रोसेसर, पण सगळे कोअर वापरणाऱ्या प्रचलित चाचण्यांत त्या नव्या सेलेरॉनच्या तिपटीहून पुढे.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरगी घरातली पहिली कॉलेजात चाललीय. तिला वापरलेलं कसं द्यायचं?"

ही भावना मला कळते आणि तिला उत्तर आकड्यांनी देता येत नाही. मी मुलीलाच दोन्ही यंत्रं वापरायला दिली. दोन्हींवर ब्राउझरमध्ये तेच पाच-सहा टॅब, शेजारी प्रोग्रॅमिंगचं एक साधन. तिनं दहा मिनिटांत निवड केली. मी बॅटरी नवी घालून दिली, बिजागरं तपासली, कीबोर्डची एकेक कळ दाबून बघितली. तिच्या पदवीपर्यंत तो लॅपटॉप चालला आणि आता तिच्या धाकट्या भावाकडे आहे.

फसगत होते ती मुख्यतः नावांमुळे. 'आय५ आहे', 'आय७ आहे' यावरून काहीच ठरत नाही. त्यापुढचा क्रमांक बघावा लागतो. आय५-४५९० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, आय५-१०४०० मध्ये दहावी. क्रमांक तीनच आकडी असेल, जसा आय७-८७०, तर ती पहिली पिढी, २००९ च्या सुमाराची. हा आय७ आणि २०२२ चा आय३-१२१०० शेजारी ठेवले तर आय३ सहज पुढे जातो, वीजही कमी खातो. तरीही 'आय७, १६ जीबी, एसएसडी' अशा जाहिरातीत पिढीचा उल्लेखही नसतो. लॅपटॉपमध्ये शेवटचं अक्षरही बघा. आय५-७५०० हा डेस्कटॉपचा प्रोसेसर चार कोअरचा आहे. आय५-७२००यू आणि आय७-७५००यू हे लॅपटॉपचे दोघंही दोनच कोअरचे. यू मालिकेत चार कोअर सरसकट मिळायला लागले ते आठव्या पिढीपासून. त्यामुळे सातवीचा आय७ लॅपटॉप आठवीच्या आय५ पेक्षा मागे असतो, आणि बाजारात मात्र तो जास्त भावानं विकला जातो.

जुनं सगळ्यांसाठी चांगलं, असं मी कधीच म्हणत नाही. ज्याचा तास यंत्रापाशी अडकला की मिळकत अडकते, त्यानं जुन्याच्या मोहात पडू नये. मिरजेच्या एका फोटो स्टुडिओत आय७-४७७० होता, २०१३ चा, चार कोअर आठ थ्रेडचा. फोटो आणि अल्बमच्या कामाला तो अजूनही उत्तम. पण लग्नांचं शूटिंग ४के मध्ये व्हायला लागलं आणि कॅमेऱ्यातून १०-बिट एचईव्हीसी या साच्यातल्या फाइली येऊ लागल्या. तो साचा उलगडणारा खास भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पूर्णपणे आला तो सातव्या पिढीत. चौथ्या पिढीला ते सगळं काम सामान्य कोअरवर करावं लागतं आणि चित्र अडखळत चालतं. जुनं ग्राफिक्स कार्ड घालून काही फाइली सुधारल्या, पण ४:२:२ प्रकारच्या फाइलींना त्याचाही उपयोग होईना. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, एडिटिंगला नवं यंत्र घ्या, हे अल्बमच्या टेबलावर ठेवा. त्यांनी तसंच केलं. यूट्यूबचंही असंच. तिथले व्हिडिओ आता व्हीपी९ आणि एव्ही१ या साच्यांत येतात, आणि कोअर २ ड्युओसारखं यंत्र पूर्ण एचडीला धापा टाकतं. प्रोसेसर नुसता मंद नसतो. ज्या कामाचा खास भाग त्याच्यात नाही, ते काम पुढे सगळ्या जगाची गरज होऊन बसतं.

विजेचाही विचार करावा. पेंटियम ४ च्या जुन्या डेस्कटॉपऐवजी आजचं एक छोटं यंत्र बसवलं तर वापरात सहज ६० वॅट वाचतात. दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १४४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला १,४४० रुपये. तीन वर्षांत त्या पैशांत एखादं चांगलं वापरलेलं यंत्र घेण्याकडे बराचसा रस्ता कापला जातो. चौथ्या ते सहाव्या पिढीच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ती यंत्रं बसल्या जागी फार वीज खात नाहीत.

तरीही एका छापखान्यात मी पेंटियम ४ चालू ठेवला आहे. तिथे जुन्या पेजमेकरमध्ये केलेल्या पत्रिकांचे नमुने आहेत, त्यांचे मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचे आहेत आणि ते उघडायला लागणारी कुलपाची डबी (डोंगल) समांतर पोर्टाला लागते. नव्या यंत्रांना तो पोर्टच नसतो. यंत्रावर विंडोज एक्सपी आहे, जिचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला. म्हणून मी त्याची नेटची वायर कायमची काढून टाकली आहे. फाइल पेन ड्राइव्हवर आधी दुसऱ्या यंत्रात तपासली जाते, मगच इकडे येते. काम नेमकं ठरलेलं आहे आणि बाहेरच्या जगाशी संबंध नाही, तर यंत्र कितीही जुनं चालतं.

संबंध आला की सगळं बदलतं. आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा तिनं एक रेघ ओढली: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी. त्या रेघेनं आय७-७७०० बाहेर गेला. जानेवारी २०१७ चा चार कोअरचा, ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर. आणि तो दोन कोअरचा सेलेरॉन एन४०२० मात्र यादीत आहे. म्हणजे रेघ वेगाची नव्हे. त्यामागे सुरक्षेची कारणं आहेत आणि ती पोकळ नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जगजाहीर झाले तेव्हा प्रोसेसरच्या घडणीतच धोका असू शकतो हे सगळ्यांना दिसलं. त्यावरच्या दुरुस्त्यांनी चौथ्या पिढीची आणि त्याआधीची यंत्रं जास्त मंदावली, हे मायक्रोसॉफ्टनंच तेव्हा सांगितलं होतं. तरीही सुस्थितीतली लाखो यंत्रं एका यादीमुळे निरुपयोगी ठरावीत, याचं मला वाईट वाटतं. ती बनवायला खाणीतला धातू लागला, पाणी लागलं, वीज लागली. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच झालेला असतो. तो चार वर्षं जास्त वापरणं हीच त्याची भरपाई.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत ती घेता येते. त्या काळात एका पतसंस्थेचे व्यवस्थापक मला म्हणाले, "साहेब, काहीतरी युक्ती करून अकरा टाका की यात. लोक टाकतात म्हणे." युक्त्या आहेत, मला त्या येतात. पण मी नकार दिला. अटी चुकवून बसवलेल्या यंत्राला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ ची आवृत्ती तर पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या आज्ञा नसलेल्या प्रोसेसरवर सुरूच होईना. कोअर २ ची सगळी यंत्रं त्यात एकदम बाद झाली. ज्या यंत्रावर ऊसतोड मजुराची, भाजीवालीची ठेव नोंदवली जाते, ते असल्या भरवशावर चालवू नये. तिथे आम्ही काउंटरची यंत्रं बदलून आठव्या-नवव्या पिढीची वापरलेली बसवली. निघालेली सहाव्या पिढीची यंत्रं मी विकत घेतली आणि पुसून स्वच्छ केली.

ती यंत्रं गेली जतकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत. त्यांवर लिनक्स मिंट घातलं, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत, म्हणजे विंडोजनं सोडलेल्या यंत्राला आणखी काही वर्षं कायदेशीर, फुकट आणि सुरक्षित मिळाली. स्क्रॅच, जीकॉम्प्री, लिब्रेऑफिस, मराठीची इन्स्क्रिप्ट कळफलक मांडणी, सगळं त्यात सहज बसलं. गुरुजींना आधी काळजी होती की मुलांना हे वेगळं दिसेल. मुलांना काहीच वेगळं दिसलं नाही, कारण त्यांनी पहिल्यांदा बघितलेला संगणकच हा होता. केरळनं हेच काम राज्यभराच्या शाळांत वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे. आपल्याकडे ते एकेका शिक्षकाच्या हौशीवर चालतं. ते मोठ्या प्रमाणात व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ई-सेवा केंद्रात मात्र लिनक्स चालवू नका. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं, काही स्कॅनर आणि स्वाक्षरीची साधनं यांचे ड्रायव्हर बहुतेक वेळा विंडोजचेच असतात. प्रोसेसर कितीही चांगला असला तरी ते एक साधन चाललं नाही तर दिवसभराचं काम बुडतं.

आज मला कोणी विचारलं तर मी असं सांगतो. कोअर २ आणि त्याआधीचं यंत्र इंटरनेटवरून काढा; एखादं ठरलेलं काम करत असेल तर नेटशिवाय करू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं घरात असेल तर एसएसडी आणि लिनक्स घालून वापरा, पण विकत घेऊ नका. चौथी ते सातवी घरात असेल तर भंगारात घालू नका. ऑफिसच्या साध्या कामाला ती आजही पुरून उरतात, फक्त विंडोज १० वर उघड्यावर सोडू नका. विकत घ्यायचं तर आठवी किंवा पुढची, आणि रायझन असेल तर २००० मालिकेपासून पुढे, तोही विंडोज ११ च्या यादीत आहे का ते बघून. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव चढले, त्यामुळे आधीच पुरेशी रॅम असलेलं वापरलेलं यंत्र तर आणखीच परवडतं. जे खरोखर टाकायचं, त्यातली डिस्क आधी काढून घ्या आणि पेटी ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्या. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या हाती देऊ नका.

आणि वापरलेला पीसी घेताना बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. नुसतं 'आय५' लिहून देणारा दुकानदार असेल, तर तिथून घेऊ नका.